पावती नसलेली नोंद

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘मनाचं आरोग्य’ या सत्रात झालेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी ते थोडं आवरून इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही विनंती.)



सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. मी आज कुणालाही उभं करून प्रश्न विचारणार नाही. माईक घेऊन कुणाजवळ येणार नाही. तेव्हा मागे खांबाजवळ बसलेल्या ताईंनी जरा निवांत पाठ टेकून बसावं. हे मी आधी का सांगते? कारण मी स्वतः कितीतरी वर्षं त्याच खांबाजवळ बसत होते. कुणाच्या मागं बसलं की पुढून बोलणारीला आपण दिसत नाही, याचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसेल.

आज मी समुपदेशनाचं काम करते. पण आधी मी आमच्या गटाची सचिव होते, तेव्हाची गोष्ट सांगते. ती मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नव्हती.

आमचा बारा जणींचा गट. पहिलं बँक कर्ज फेडून झालं होतं, दुसऱ्याची तयारी चालू होती. जूनचा पहिला आठवडा. सगळ्यांना बियाण्याला पैसे हवे होते. ठराव झाला, कागद तयार झाले. बँकेत जायच्या दिवशी अध्यक्षताईंना ताप भरला, म्हणून मी एकटी गेले. साहेबांनी काही वाकडं विचारलं नाही हो. ते एवढंच म्हणाले, “मागचं कर्ज कुणी कशासाठी वापरलं, जरा सांगा बघू.” मला सगळं तोंडपाठ होतं. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणाचा हफ्ता किती तारखेला आला. पण मागं रांगेत सात-आठ माणसं उभी होती. माझे कान तापले, घसा कोरडा पडला, हातातली फाईल थरथरायला लागली. मी “अं... अं...” करत राहिले. साहेब म्हणाले, “बरं, अध्यक्षांना घेऊन या मग.”

मी घरी आले आणि गटाला सांगितलं, “साहेब रजेवर आहेत.”

खोटं बोलले. त्या खोट्यात दहा-बारा दिवस गेले. तेवढ्यात पाऊस पडला आणि पेरणीला घाई झाली. आमच्यातली एक जण थांबू शकली नाही. तिनं सावकाराकडून वीस हजार उचलले, शेकडा पाच रुपयांनी. म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. सोयाबीन विकून पैसे फिटेपर्यंत पाच महिने गेले. माझ्या गप्प बसण्याची किंमत पाच हजार रुपये झाली, आणि ती मी नाही, तिनं भरली.

ही गोष्ट आपण अर्ध्यावर ठेवू. शेवटी तिच्याकडे परत येते.

लाज वेगळी, ही भीती वेगळी

थोडी लाज सगळ्यांनाच वाटते. नव्या सुनेला वाटते, पहिल्यांदा ग्रामसभेत उभं राहिलं की वाटते. बोलायला लागलं की ती ओसरते. काही बायका स्वभावानंच कमी बोलतात आणि त्यात सुखी असतात. तो काही आजार नाही, त्यांना उगाच बोलकं करायला जाऊ नका.

पण काहींचं तसं नसतं. बैठक गुरुवारी असेल तर सोमवारपासून पोटात गोळा येतो. झोप लागत नाही. चारचौघांत जेवताना, सही करताना, फोनवर बोलताना सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. घाम फुटतो, छातीत धडधडतं. म्हणून ती बाई जायचंच टाळते. हळदीकुंकू टाळते, शाळेतली पालकसभा टाळते, दवाखानासुद्धा टाळते. असं सहा महिने आणि त्याहून जास्त चाललं, रोजचं जगणं त्यानं अडायला लागलं, तर त्याला डॉक्टर सोशल अँक्झायटी म्हणतात. आपण त्याला लोकांसमोरची भीती म्हणू. ती बहुतेक वेळा वयात येतानाच सुरू होते. घरचे म्हणतात, “आमची पहिल्यापासून बुजरी आहे.” म्हणून कुणी औषधपाण्याचा विचारही करत नाही.

मनातल्या तीन बायका

ही भीती मनात कुठं घर करते? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ई. टोरी हिगिन्स यांनी १९८७ साली एक विचार मांडला. तो मला फार उपयोगी पडला. मी माझ्या शब्दांत सांगते.

प्रत्येकीच्या मनात स्वतःची तीन चित्रं असतात. पहिलं, मी आहे तशी. दुसरं, मला व्हावंसं वाटतं तशी. तिसरं, मी असायलाच हवी तशी. हे तिसरं चित्र कधी आपलं स्वतःचं असतं, कधी दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं. सासूबाईंना वाटतं मी अशी असावी, गावाला वाटतं मी अशी असावी, गटाला वाटतं सचिव अशी असावी.

या चित्रांमध्ये अंतर असणारच. थोडं अंतर चांगलंच, त्यामुळं माणूस शिकतो. पण अंतर फार वाढलं की त्रास होतो. हिगिन्स यांचं म्हणणं असं, की ‘आहे’ आणि ‘व्हावंसं वाटतं’ यांत अंतर वाढलं तर माणूस खचतो, उदास होतो. आणि ‘आहे’ आणि ‘असायलाच हवी’ यांत अंतर वाढलं तर माणूस धास्तावतो. आता कुणी पकडेल, आता कुणी बोल लावेल, अशी धास्ती.

पुढे १९८९ साली टिमोथी स्ट्रॉमन यांनी नैराश्य असलेली माणसं आणि लोकांसमोरची भीती असलेली माणसं, दोन्ही तपासली. भीती असलेल्यांमध्ये कुठलं अंतर सगळ्यात मोठं निघालं? ‘मी आहे तशी’ आणि ‘दुसऱ्यांच्या मते मी असायला हवी तशी’ यांच्यातलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘लोक काय म्हणतील’ हेच. प्रत्यक्षात ही दोन्ही दुःखं पुष्कळदा एकत्रच येतात. भिऊन भिऊन घरात बसलेली बाई पुढे उदासही होते, तिची भूक जाते, मैत्रिणी तुटतात, हातात आलेली कामं जातात. म्हणून हा नुसता लाजण्याचा विषय नाही, तब्येतीचा आणि पोटाचाही विषय आहे.

मी सचिव असताना माझ्या मनातलं तिसरं चित्र कसं होतं, ते सांगते. सचिव म्हणजे ताठ उभी राहणारी, साहेबाच्या डोळ्यांत बघून घडाघडा बोलणारी, एकही शब्द गावंढळ न येऊ देणारी. आणि मी कशी? सातवी शिकलेली, ‘नाही’ला ‘न्हाय’ म्हणणारी. दोघींमध्ये एवढी मोठी दरी, आणि मला वाटायचं ती दरी सगळ्या बँकेला दिसते आहे.

नोंद आहे, पण पावती कुठे?

आपल्या गटाचा पहिला नियम काय? पावतीशिवाय नोंद करायची नाही. कुणी म्हटलं, “मी मागच्या महिन्यात शंभर दिले होते,” तर लेखापाल ताई काय म्हणतात? “पासबुक दाखवा.”

पण मनाच्या वहीत आपण काय करतो? ‘सगळ्या हसल्या.’ नोंद. ‘साहेबांना मी अडाणी वाटले.’ नोंद. ‘गटाला माझी लाज वाटते.’ नोंद. एकाचीही पावती नाही. आणि वर्षानुवर्षं त्याच वहीवर आपण आपली किंमत काढतो.

या नोंदी खोट्या ठरत का नाहीत, त्याचंही कारण आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली ते नीट समजावून सांगितलं. भीती वाटली की आपलं सगळं लक्ष आत वळतं. माझा आवाज कापतोय का, माझा चेहरा लाल झालाय का. समोरची माणसं खरंच काय करताहेत हे आपण बघतच नाही. आतून जेवढं धडधडतं तेवढंच बाहेर दिसत असणार, असं धरून चालतो. वर आपण स्वतःला वाचवायच्या युक्त्या करतो. पदर तोंडावर धरायचा, खाली मान घालायची, वाक्य दहादा मनात घोकायचं, नाहीतर मुलाला दवाखान्यात न्यायचंय म्हणून उठून जायचं. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण ‘युक्ती केली म्हणून वाचले’ असं मन धरून बसतं. युक्ती न करताही वाचले असते, हे कळायची वेळच येत नाही.

आणखी एक गंमत सांगते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली छापून आला. एकेका विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. तो घालून चारचौघांत जायची त्या मुलांना लाज वाटावी, असा टी-शर्ट. मग इतर मुलं बसली होती त्या खोलीत त्याला पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, “किती जणांच्या लक्षात आलं असेल?” त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. खरं तर साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलं होतं. ही साधी, भीतीचा आजार नसलेली मुलं होती बरं का. आपल्या पदराला ठिगळ असलं की आपल्याला वाटतं अख्खं लग्न ठिगळच बघतंय. लग्नातली बायका-माणसं आपापल्या ठिगळाच्या काळजीत असतात.

दुसरे काही प्रयोग व्हिडिओचे झाले. भीती असणाऱ्या माणसांना छोटं भाषण करायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला. आधी त्यांना विचारलं, तुम्ही कसे दिसला असाल? त्यांनी फार वाईट सांगितलं. मग सांगितलं, हा व्हिडिओ दुसऱ्या कुणाचा आहे असं समजून बघा. बघितल्यावर त्यांचं त्यांनाच वाटलं, की आपण समजत होतो त्यापेक्षा बरे दिसतो. हीच झाली पावती.

सगळा दोष मनाचा नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही भीती बाईनं स्वतःच उभी केली, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींना खरंच हसलेलं आहे. बोलीवरून हसले, रंगावरून हसले, जातीवरून मागं बसवलं. नवरा गेलेल्या बाईला शुभकार्यात बाजूला उभं केलं. “बायकांना काय कळतंय” म्हणून ग्रामसभेत गप्प केलं. या नोंदींना पावत्या आहेत. तिथं बाईनं आपलं मन बदलायचं नाही, आपण सगळ्यांनी मिळून वागणं बदलायचं. काम एवढंच आहे, की खऱ्या अपमानाची नोंद वेगळी ठेवायची आणि त्यावरून ‘सगळेच, नेहमीच, मलाच’ अशी बेरीज करायची नाही.

मग करायचं काय?

मी ज्या गोष्टी स्वतः केल्या आणि दुसऱ्यांना करायला सांगते, त्या अशा.

एक, दोन रकान्यांची वही करा. डाव्या रकान्यात बैठकीच्या आधी लिहा, मला काय होईल असं वाटतं. उजव्या रकान्यात बैठकीनंतर लिहा, खरं काय झालं. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, किंवा मोबाईलवर बोलून ठेवा. दहा बैठकांनंतर दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा.

दोन, पायरी पायरीनं जा. एकदम ग्रामसभेत भाषण नको. पहिल्या बैठकीत नुसता मोठ्यानं नमस्कार. पुढच्या वेळी आपल्या बचतीचा आकडा आपण सांगायचा. मग मागच्या बैठकीच्या इतिवृत्तातल्या दोन ओळी वाचायच्या. मग एक प्रश्न विचारायचा. एक पायरी सोपी वाटेपर्यंत तीच करायची.

तीन, एका वेळी एक युक्ती सोडा. आज पदर तोंडावरून खाली. पुढच्या वेळी खांबापासून एक रांग पुढं.

चार, लक्ष बाहेर न्या. समोरची काय म्हणते, तिच्या मुलीचं काय झालं, ते कान देऊन ऐका. आपल्या छातीची धडधड मोजत बसू नका.

पाच, तिसऱ्या चित्राची चौकशी करा. ‘मी अशी असायलाच हवी’ असं वाटलं की स्वतःला विचारा, हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? त्या माणसाला जाऊन विचारलं तर तो असंच म्हणेल का?

आणि गटानं काय करायचं? “बोल की गं, तोंडात गूळ धरलाय का?” असं म्हणायचं नाही. अचानक कुणाला उभं करायचं नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. गोलात बसायचं, म्हणजे मागची रांगच राहत नाही. बँकेत एकटीला पाठवायचं नाही, नेहमी दोघी जायच्या. चुकीचा शब्द आला तर हसायचं नाही. आणि एखादी तीन बैठकांना आली नाही, तर दंडाची पावती फाडायच्या आधी तिच्या घरी जाऊन यायचं.

एवढं करूनही भीती हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, भीती घालवायला कुणी दारू किंवा गोळ्यांचा आधार घेत असेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. या त्रासावर उपचार आहेत. विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत आहे, गरज पडली तर औषधं आहेत, आणि त्यांनी माणसं बरी होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री कधीही लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांना माणसासमोर बोलायचीच भीती, त्यांना फोनवर चेहरा दाखवावा लागत नाही, हेही बरंच आहे. हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

राहिलेली गोष्ट

आता माझी अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करते.

सोयाबीन विकून सावकाराचे पैसे फिटले, त्यानंतरच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं तेही ऐका. उभी राहिले नाही, खाली मान घालून, वही मांडीवर धरून, रडत रडत सांगितलं. साहेब रजेवर नव्हते, माझी जीभ रजेवर होती. मनात ठरवूनच आले होते, की आता मला काढून टाकतील. डाव्या रकान्यात तेच लिहिलं असतं.

जिनं पाच हजार व्याज भरलं होतं, ती आधी गप्प बसली. तिला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. मग म्हणाली, “पैशाचं वाईट वाटतंच. पण मला सांगितलं असतंस तर मी आले असते ना तुझ्याबरोबर. मी बोलले असते, तू कागद दाखवला असतास.” आणि आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, “अगं, तुला सचिव केली ती तुझा हिशेब चोख म्हणून. भाषणं ठोकायला कुणी सांगितलं होतं तुला?”

मैत्रिणींनो, मी घरी आले आणि त्या एका वाक्यावर रात्रभर विचार करत राहिले. ताठ मानेनं घडाघडा बोलणारी सचिव गटाला हवी होती, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. गटाला तसं कधी वाटलंच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

ते पाच हजार मी तिला हफ्त्या-हफ्त्यानं दिले. ती नको म्हणत होती, पण दिले. त्या नोंदीची मात्र पावती माझ्याजवळ आहे.

आज इथं बोलताना माझे हात थरथरत नाहीत असं समजू नका. थरथरतात. म्हणून कागद टेबलावर ठेवलाय, हातात धरला नाही. ही एक युक्ती अजून सोडायची राहिली आहे. पुढच्या वर्षी तीही सोडेन.

आता चहा आहे. चहा घेताना प्रत्येकीनं एकच करा. खांबाजवळच्या एखाद्या ताईशेजारी जाऊन बसा. बोलायलाच हवं असं नाही, नुसतं बसलात तरी चालेल.